मुके रिव्हॉल्वर

मालगुजारी १९५१ साली गेली. पण समजा, चांदा-गडचिरोलीकडच्या एखाद्या वाड्यात आजोबांचे.४५५ बोअरचे वेब्ले रिव्हॉल्वर परवान्यासह उरले आहे. काडतुसे मिळत नाहीत. नातू म्हणतो, बोअर बदलून घेऊ. वस्तूचा मान वापरातच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक वेब्लींचे असेच झाले: सिलिंडरची मागची बाजू घासून .४५ ची काडतुसे बसवली. त्यांचा दाब मात्र जुन्या पोलादाला जड. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना असा बदल गुन्हाच. पण परवानगी मिळाली तरी? न घासलेले पोलाद पुढची पिढी हवे तेव्हा घासू शकेल. घासलेले कुणालाच भरून काढता येणार नाही. जे अजून जन्मायचे आहेत, त्यांचाही या निर्णयात वाटा आहे. म्हणून, बाबा रे, ते मुकेच राहू दे.