जठर: चार ऊतींचा मेळ

समान रचनेच्या आणि एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. मानवी शरीरात ऊतींचे मुख्य प्रकार ४ असून जठरात ते चारही एकत्र येतात. अभिस्तर ऊतींचे आतले अस्तर आम्ल व पाचकरस स्रवते आणि त्या आम्लापासून बचावासाठी श्लेष्माही. हे अस्तर काही दिवसांतच नव्याने घडते. स्नायू ऊतींचे तीन थर अन्न घुसळतात. संयोजी ऊती या थरांना बांधून ठेवतात, रक्तवाहिन्यांना आधार देतात. चेता ऊती हालचाली आणि स्राव यांचा ताल सांभाळतात. यांतली एकही ऊती एकटी अन्न पचवू शकत नाही. जठरही एकटे पुरत नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी अशा अवयवांसह त्याची पचनसंस्था होते. तिने मिळवलेले पोषण रक्ताभिसरण संस्था पेशीपेशीपर्यंत पोहोचवते. शरीराचे सारे सामर्थ्य या मेळातून येते.