पुरे कधी म्हणायचं?

नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला प्रत्येक जण एकच सल्ला देतो : एखादा छंद लावून घ्या. सल्ला चांगला आहे. पण लागलेला छंद हाताबाहेर जाऊ लागला तर तो आवरायचा कसा, हे कुणी सांगत नाही. तरुणपणी घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि ऑफिसची वेळ मिळून जमवण्याच्या हौसेला आपोआप वेसण घालतात. निवृत्तीच्या दिवशी ती वेसण सुटते, आणि नेमके त्याच सुमारास ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे पैसे हातात येतात. वेळ आणि पैसा एकाच वेळी मोकळा झाला की हौसेचं वेड व्हायला फार दिवस लागत नाहीत.

जुन्या नाण्यांचं उदाहरण घेतो, कारण ते जग मी जवळून पाहिलं आहे. महाराष्ट्रात नाणी जमवणाऱ्याची सुरुवात बहुधा शिवराईपासून होते. तांब्याचं साधं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकाशी नातं सांगणारं हे नाणं पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडलं गेलं आणि इंग्रजी अमलातही बराच काळ बाजारात चाललं. त्याचे ठसे हाताने कोरलेले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे वेलांटी पहिली, कुठे दुसरी. कुठे अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा, म्हणजे दुदांडी. टांकसाळी अनेक, कारागीर अनेक, काळ दीडशे वर्षांहून मोठा. त्यामुळे शिवराईचा संच पूर्ण होत नाही. शंभर प्रकार जमले की एकशेएकावा दिसतो.

हा न संपणारा शोधच निवृत्त माणसाला धरून ठेवतो. ज्याने तीस-पस्तीस वर्षं बँकेत, महसूल खात्यात किंवा शाळेत काम केलं, त्याला रोज कुणीतरी विचारायचं, कशासाठी तरी त्याची सही लागायची. निवृत्तीनंतर फोन वाजायचे थांबतात. मग बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी, दुपारी मोबाइलवरचे लिलाव, संध्याकाळी ग्रुपवर ‘हा प्रकार तुमच्याकडे आहे का?’ ही चर्चा. दिवसाला आकार येतो. विक्रेता ‘साहेब, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलंय’ म्हणतो, तेव्हा आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटतं. नाणं हातात येतं, आनंद होतो, आणि चार दिवसांत ते अल्बमच्या कप्प्यात गेलं की मन पुढच्या नाण्याकडे धावतं. भूक तांब्याची नसतेच. आपण अजून कामाचे आहोत, या खात्रीची असते. म्हणूनच घरच्यांनी ‘आता पुरे करा’ म्हटलं की ते इतकं लागतं.

जमवलेलं सोडवत नाही याला मनाच्या रचनेतलंही एक कारण आहे. १९९० मध्ये डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी साध्या कॉफीच्या मगांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांना मग देऊन टाकले आणि किती रुपयांना, म्हणजे डॉलरांना, विकाल असं विचारलं. इतरांना तोच मग कितीला घ्याल असं विचारलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत मागितली. काही मिनिटांची मालकी एवढं करत असेल, तर वीस वर्षं सांभाळलेल्या नाण्याबद्दल काय सांगावं! हे माणसाचं सर्वसाधारण वागणं आहे. साठवणुकीने घरात वावरायला जागा उरत नसेल आणि एकही वस्तू टाकताना जीव कासावीस होत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत तो स्वतंत्र विकार मानला आहे आणि तिथे डॉक्टरचाच सल्ला घ्यावा.

बाकीच्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : नातवंडांसाठी ठेवतोय. हे वाक्य तपासून पाहिलं पाहिजे. आज अनेकांची नातवंडं अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जी नातवंडं इथेच आहेत, त्यांनाही या नाण्यांचं प्रेम असेलच असं नाही. मग आजोबांच्या पश्चात कपाट उघडतं आणि तांबं मोडीच्या भावाने जातं.

नाण्यांचं खरं मोल कशात असतं, हे नाशिकजवळच्या जोगळटेंभीने दाखवून दिलं आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,०००हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला. सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याचंच चलन आपल्या नावाने फिरवलं, ही गोष्ट त्या साठ्याने इतक्या ठसठशीतपणे सांगितली, कारण तो एकत्र तपासला गेला आणि त्याची नोंद झाली. तीच नाणी नोंद न होता हजार घरांत विखुरली असती, तर प्रत्येक घरात एक सुंदर नाणं असतं आणि ते प्रमाण कुणालाच कळलं नसतं. गाव, वजन, सोबत काय सापडलं, हे हरवलं की नाणं मुकं होतं. नुसतं जमवणारा माणूस ते मुकेपण वाढवत असतो.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवलं : अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, कोरीव दरवाजे. मूळ व्यवसाय चष्म्यांचा, पिंड ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणाऱ्या कवीचा. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यात येणाऱ्या शाळकरी मुलांनी तो कित्येक पिढ्या पाहिला आहे. जमवण्याची ओढ त्यांनाही विलक्षण होती. पण त्या ओढीला लोकांपर्यंत जाणारी वाट होती.

आपल्या परंपरेत यावर फार विचार झालेला आहे. योगसूत्रांतल्या पाच यमांमध्ये अपरिग्रह आहे. पण मला अधिक उपयोगाचं वाटतं ते जैन गृहस्थाचं परिग्रह-परिमाण व्रत. संन्याशाने सगळं सोडावं. संसारी माणसाने जमीन, सोनं, धान्य यांची मर्यादा स्वतःच ठरवावी आणि त्यापलीकडे जाऊ नये. छंद सोडून देण्याची शिक्षा यात नाही. ‘पुरे’ कुठे म्हणायचं, हे बाजाराने किंवा शेजारच्या संग्राहकाने न ठरवता आपण ठरवायचं, एवढाच आग्रह आहे.

तेव्हा निवृत्त संग्राहकाने एकच शाखा निवडावी, कपाट एकच ठेवावं, फोनवरची लिलावाची ॲप काढून टाकावीत. खरेदीने भरलेला वेळ मात्र रिकामा ठेवू नये, नाहीतर सवय परत येते. त्या वेळात वही घ्यावी. प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रं, ते कुणाकडून, कोणत्या गावाहून आलं हे लिहावं. दुहेरी नाणी गावातल्या शाळेला किंवा नव्याने शिकणाऱ्या मुलाला द्यावीत. अडलं तर १९८० पासून चाललेल्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जाणकारांना विचारावं. बँकेत खतावण्या सांभाळलेल्या माणसाइतकं हे काम चोख कोण करणार? ज्या गरजेपोटी तो बाजारात फिरत होता, ती गरज इथे पुरी होते, कारण ही माहिती फक्त त्याच्याजवळ आहे. नाणं बाजारात आणखी शंभर वर्षं फिरेल, पण ते कुठून आलं हे सांगणारा माणूस तेवढा थांबणार नाही. म्हणून ही नोंद हात स्थिर आणि स्मरण शाबूत असतानाच, अगदी पहिल्या नाण्यापासून सुरू करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत नवं नाणं घेऊ नये.