घरात काय आहे?

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-३७



या अध्यायाच्या आरंभी एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. तिचा पती देवभीरू होता, पण मागे कर्ज ठेवून गेला. आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला आहे. अलीशा तिला विचारतो की, तुझ्या घरात काय आहे? बाहेरून काय मिळवता येईल हे तो आधी विचारीत नाही. घरात तेलाची एक कुपी होती. पुढची हकीकत आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहो. मात्र भांडी तिला शेजाऱ्यांकडून मागून आणावी लागली. तेल स्वतःचे, भांडी उसनी, हे ध्यानात असू द्यावे.

हा पाठ आम्हांला आठवला तो एका बंधूच्या प्रश्नामुळे. उधना भागातील एका घरगुती उपासनेनंतर त्याने आम्हांला बाजूला घेतले. तोही आमच्यासारखाच वेतन न घेता उपदेश करणारा. गेल्या बारा-तेरा वर्षांत पोटाला चिमटा घेऊन त्याने संगणकावर भाष्ये, शब्दकोश, प्रवचनसंग्रह असे सुमारे अकराशे ग्रंथ विकत घेतले आहेत. आता तो विचारतो, एवढे असताना दरमहा वर्गणी भरण्यात काही लाभ आहे काय?

प्रश्न आजकाल पुष्कळांचा आहे. बायबल अभ्यासाची जी मोठी संगणक-साधने आहेत, त्यांपैकी लोगोस हे १९९२ पासूनचे. पूर्वी मनुष्य त्यात ग्रंथ विकत घेई व काही वर्षांनी नवी आवृत्ती घेई. २०२४ साली त्यांनी वर्गणीची पद्धत आणली. विकत घेतलेले ग्रंथ वर्गणी न भरली तरी राहतात, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी उगाच घबराट पसरली होती. वर्गणीतून मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. एक, आणखी काही ग्रंथ वाचावयास. पण हे उसने, वर्गणी थांबली की परत. दुसरी, शोधाची नवी सोय. आपल्या साध्या बोलीत प्रश्न विचारावा आणि यंत्राने ग्रंथांतून तो उतारा काढून द्यावा, त्याचा सारांशही करून द्यावा.

आमचे मत विचाराल तर पहिल्या गोष्टीचा लाभ ज्याच्यापाशी ग्रंथ थोडे त्याला अधिक. अकराशेच्या धन्याला त्यांतले बरेच ग्रंथ दुसऱ्यांदा उसने मिळतील. दुसऱ्या गोष्टीचे उलट आहे. ज्याचे कपाट मोठे, त्यालाच हरवलेले सापडण्याची गरज मोठी. शब्द नेमका आठवत नसेल तर जुना शोध थकतो, नवा थकत नाही. तेव्हा सरसकट नको म्हणणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उसन्या भांड्यांनी त्या विधवेचे काम झालेच की. मात्र आधी घरात तेल किती हे पाहावे. शिवाय ई-स्वोर्डसारखी साधने फुकट मिळतात, आणि केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचे स्टेप बायबलही. पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागते.

आता आम्ही आमची गोष्ट सांगतो. ती सांगावयास बरी वाटत नाही.

आम्हीही एक वर्ष अशी वर्गणी भरली. त्या वर्षी आमच्या मंडळीतील एका कुटुंबाचा सोळा वर्षांचा मुलगा तापाने गेला. बाप यंत्रमागावर, आई साड्यांना टिक्क्या लावणारी, मूळचे खानदेशातले. रात्री आम्ही यंत्राला दुःखाविषयी विचारले. क्षणात उतारे आले, इंग्रजी पंडितांचे, उत्तम. त्यांचे आम्ही मराठी केले, तीन मुद्दे पाडले आणि सकाळी गेलो. बोलून झाल्यावर त्या माउलीने एवढेच विचारले, “भाऊ, शास्त्रात कुठली आई अशी बसली होती का, लेकराला मांडीवर घेऊन?”

आम्हांला उत्तर आले नाही. “पाहून सांगतो,” असे आम्ही म्हणालो. मेलेल्या पोराच्या आईला पाहून सांगतो!

उत्तर याच अध्यायात होते. शूनेम येथील स्त्रीचा मुलगा शेतात डोके दुखू लागल्याने घरी आणला गेला, दुपारपर्यंत आईच्या मांडीवर राहिला आणि तेथेच मेला. विसाव्या वचनात ते आहे. आम्ही हा अध्याय कित्येकदा शिकवला होता, पण तेलाची कुपी ओतून झाली की पान उलटीत असू. पदविका घेतली तेव्हा परीक्षेतही त्या कुपीवरच प्रश्न आला होता.

पुढे वाचले तेव्हा गेहजी भेटला. अलीशा त्याला आपली काठी देऊन पुढे पाठवतो. तो धावत जातो, मुलाच्या तोंडावर काठी ठेवतो. पण शब्द नाही, चाहूल नाही. तो परत येऊन तसे कळवतो. काठी खोटी नव्हती, संदेष्ट्याचीच होती. मग अलीशा स्वतः येतो, दार लावून प्रार्थना करतो, मुलाच्या अंगावर अंग, तोंडाला तोंड, डोळ्यांना डोळे, हातांना हात लावून पसरतो. तेव्हा त्या देहाला ऊब येऊ लागते. तीही एकदम नव्हे. तो उठून घरात येरझारा घालतो आणि पुन्हा तसेच करतो.

आम्ही त्या घरी काठी घेऊन गेलो होतो.

आमच्या या सुरतेत १८१५ साली लंडन मिशनचे स्किनर व फायवी आले. गुजराथी लोकांत बसून ते त्यांची बोली शिकले आणि १८२० च्या दशकात गुजराथी शास्त्र येथेच छापून निघाले. पंडिता रमाबाईंनी मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास केला. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि ते बायबल १९२४ साली पुरे प्रसिद्ध झाले. आज शब्दावर बोट ठेवले की हिब्रू अर्थ समोर येतो. याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण खानदेशच्या आईला तो अर्थ तिच्या बोलीत कसा सांगावा, हे आमच्या अकराशेत नाही नि वर्गणीतही नाही. त्यासाठी तिच्या ओट्यावर बसावे लागते, आणि टिक्क्यांचा दर काय चालला आहे हेही ऐकावे लागते.

वर्ष संपले तेव्हा आम्ही वर्गणी पुन्हा भरली नाही. ग्रंथ आहेत, रोज उघडतो. त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा मुद्दे नेले नाहीत. विसावे वचन वाचले आणि बसून राहिलो. तिनेच ते आणखी एकदा वाचावयास सांगितले.

त्या बंधूला आम्ही एवढेच म्हटले की, वर्गणी घ्यावयाची तर आपल्या कमाईतून घे. दानार्पणातून घेणार असशील तर आधी वडिलांपुढे ठेव, कारण त्या पेटीत टिक्क्या लावणाऱ्यांचे पैसे आहेत. आणि घेण्याआधी अकराशेपैकी किती ग्रंथ एकदा तरी उघडले, ते मोज.

गेल्या आठवड्यात तो भेटला. एकसष्ट, म्हणाला. वर्गणीचे त्याने अजून ठरवलेले नाही. बासष्टावा उघडला आहे.