दंगलीनंतरची मुंबई

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. त्या महिन्यात आणि पुन्हा जानेवारीत झालेल्या दंगलींत ९०० माणसे गेली. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांनी आणखी २५७ बळी घेतले.

संचारबंदी उठली, पण माणसांची पांगापांग थांबली नाही. मिश्र वस्तीत संख्येने कमी असलेल्या कुटुंबांनी, मग ती हिंदू असोत वा मुसलमान, मिळेल त्या भावाने खोल्या विकल्या. मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने मुंब्रा आणि मिरा रोडला गेली. जिवाच्या धास्तीने घर सोडणाऱ्यांना दोष देता येत नाही. मात्र एकाच नळावर पाणी भरणारी, गिरणीत एकाच पाळीला जाणारी माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत होती. वेगळ्या वस्तीत वाढणाऱ्या मुलाला दुसऱ्या समाजाविषयी कळते ते ऐकीवच. अफवा आली, की ती खोडून काढणारा शेजारी तिथे नसतो. आडनाव ऐकून घर नाकारण्याची रीतही याच दुराव्यावर पोसली जाते.

न्यायाने हा दुरावा कमी करता आला असता. पण १९९६ मध्ये राज्य सरकारने आयोगच गुंडाळला. काही महिन्यांनी तो पुन्हा नेमला गेला, १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात आला आणि सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले. बॉम्बस्फोट खटल्यात १०० जण दोषी ठरले. दंगलीचे १३००हून अधिक गुन्हे मात्र तपास न लागल्याचे सांगून बंद झाले. एकाच शहरातल्या मृत्यूंना असे दोन मापांनी मोजले गेले, ही सल आजही ताजी आहे.

सर्वांत कठीण अवस्था १६८ बेपत्ता माणसांच्या घरच्यांची. मृतदेह नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही, म्हणून भरपाई अडली. यांपैकी १०८ कुटुंबांचा शोध घेऊन त्यांना भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. तोवर जवळजवळ ३० वर्षे उलटली होती.

मुंबईत दंगली होत असताना भिवंडी शांत राहिली, हे विसरता कामा नये. १९८४ च्या दंगलीत हे गाव होरपळले होते. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली, तंटे वेळीच मिटू लागले. मुंबईत अशा समित्या आल्या, पण दंगलीनंतर.