गोळीचं श्रेय

बंदुकीच्या हल्ल्यातून वाचलेला एखादा गायक पुढे लोकांसाठी काम करू लागला, असं ऐकलं की आपल्या मनात गोष्ट आपोआप जुळते. वाल्या कोळ्याची कथा आपल्या अंगवळणी पडलेली. एका क्षणी डोळे उघडतात आणि माणूस पालटतो. या नव्या गोष्टीत नारदाच्या जागी गोळी जाऊन बसते, एवढाच फरक. माझी हरकत आहे ती तिला तिथे बसवण्याला.

जमैकाच्या बॉब मार्लीचंच उदाहरण घेऊ, कारण हल्ल्याच्या आधीचं आणि नंतरचं त्याचं आयुष्य दोन्ही भरपूर नोंदलेलं आहे.

1976 सालचं किंग्स्टन. जमैकाची ही राजधानी, पण तिच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्त्या दोन पक्षांनी वाटून घेतलेल्या. ही वाटणी भाषणांतून झालेली नव्हती, घरांतून झाली होती. साठच्या दशकात एडवर्ड सिआगा मंत्री असताना बॅक-ओ-वॉल नावाची झोपडपट्टी पाडून तिथे टिव्होली गार्डन्स ही वसाहत उभी राहिली आणि घरं त्यांच्या पक्षाच्या माणसांना मिळाली. दुसऱ्या पक्षानेही आपापल्या वस्त्यांत तेच केलं. घर पक्षाचं, काम पक्षाचं, म्हणून मतही पक्षाचं. आणि हे सगळं राखायला हातात बंदूक असलेला वस्तीचा दादा. निवडणुकीत सत्ता गेली तर उद्या डोक्यावरचं छप्पर जाईल, अशी धास्ती असली की माणसं शेजारच्या गल्लीवर गोळ्या का झाडतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

मार्ली ट्रेंच टाउन या अशाच वस्तीत वाढलेला. पैसा आल्यावर तो 56, होप रोड या प्रशस्त घरात राहायला गेला. पंतप्रधानांचं कार्यालय तिथून जवळच. पण दाराशी गर्दी असायची ती जुन्या वस्तीतल्यांची. कुणाला घरभाड्याला पैसे हवे, कुणाला धंद्याला. अंगणात फुटबॉल चाले आणि एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही बाजूंचे दादा तिथे येऊन बसत. 1974 मधल्या ‘नो वूमन, नो क्राय’ या गाण्याचं श्रेय त्याने व्हिन्सेंट फोर्ड या ट्रेंच टाउनमधल्या मित्राच्या नावावर टाकलं. फोर्ड वस्तीत भुकेल्यांसाठी स्वयंपाकघर चालवायचा. गाण्याच्या मानधनावर ते चालत राहिलं, असं सांगतात. प्रकाशकाच्या करारातून सुटण्याची ती युक्ती होती, असंही म्हणतात. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असायला मला काही अडचण दिसत नाही. माणसं बहुतेक अशीच वागतात.

म्हणजे ज्याला आपण नंतरचं परिवर्तन म्हणणार, ते सगळं आधीच चालू होतं. उलट त्यातूनच गोळी आली. होरपळलेल्या शहरासाठी मार्लीने डिसेंबर 1976 मध्ये ‘स्माइल जमैका’ हा विनामूल्य कार्यक्रम करायचं कबूल केलं. सरकारचं सांस्कृतिक खातं त्यात होतंच. मग पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी निवडणूक 15 डिसेंबरला जाहीर केली आणि लोकांसाठीचा कार्यक्रम बघता बघता सत्ताधाऱ्यांच्या प्रचारसभेसारखा दिसू लागला. 3 डिसेंबरच्या रात्री, तालमीच्या मधल्या सुट्टीत, बंदुका घेतलेली माणसं होप रोडच्या आवारात शिरली. मार्लीच्या छातीला चाटून गेलेली गोळी दंडात रुतली. व्यवस्थापक डॉन टेलर यांच्या अंगात कित्येक गोळ्या घुसल्या. गाडीत असलेली मार्लीची पत्नी, गायिका रिटा, हिच्या डोक्याला लागलेली गोळी कातडी आणि कवटी यांच्यामध्ये अडकली. सगळे वाचले. हल्लेखोरांवर कधी खटला उभा राहिला नाही.

दोन दिवसांनी मार्ली मंचावर उभा राहिला आणि दीड तास गायला. रिटा डोक्याला पट्टी बांधून, इस्पितळातल्या कपड्यांवरच आली होती. हे धैर्य मोठंच आहे. पण धैर्य आणि समाजकार्य यांची आपण गल्लत करतो. त्या कार्यक्रमानंतर मार्लीने देश सोडला आणि वर्षभराहून अधिक काळ तो प्रामुख्याने लंडनला राहिला. गोळीचा थेट परिणाम काय, तर हा. ज्या दाराशी माणसं येत होती, ते दारच तिने त्यांच्यापासून तोडलं.

त्याला परत बोलावणारे होते क्लॉडी मॅसप आणि बकी मार्शल, दोन विरोधी पक्षांच्या वस्त्यांचे दादा. 1978 च्या सुरुवातीला त्यांनीच आपसांत तह केला होता. 22 एप्रिल 1978 च्या ‘वन लव्ह’ शांतता मैफलीत मार्लीने मॅन्ली आणि विरोधी पक्षाचे सिआगा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. त्या क्षणाचं छायाचित्र जगभर गेलं. दोन्ही नेत्यांचे चेहरे त्यात कमालीचे अवघडलेले आहेत. मला ते छायाचित्र खरं वाटतं ते त्या अवघडलेपणामुळेच. मैफलीचा एक कमी बोलला जाणारा हेतू होता पश्चिम किंग्स्टनमधल्या शौचालयांसाठी आणि घरांसाठी पैसा उभा करणं. वस्तीतल्यांना तहातून काय हवं होतं ते यात नेमकं दिसतं. पण घर वाटण्याची चावी पक्षांच्याच कमरेला राहिली. 1979 मध्ये मॅसप पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, पुढच्या वर्षी मार्शल न्यूयॉर्कमध्ये मारला गेला आणि 1980 च्या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसं मेली. मे 1981 मध्ये कर्करोगाने मार्लीही गेला.

राहिली रिटा. जन्म क्यूबातला, वाढ ट्रेंच टाउनमध्ये आत्याच्या घरी. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं मालमत्तेच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. त्यातूनच तिने 1986 मध्ये होप रोडच्या घराचं संग्रहालय केलं. नंतर ती घानात, अक्राजवळच्या आबुरीच्या डोंगरात राहायला गेली. स्वतःच्या नावाची संस्था तिने 2000 साली काढली आणि जवळच्या कोन्कोनुरू गावातल्या शाळेच्या मुलांना हात दिला. घानाने 2013 मध्ये तिला मानद नागरिकत्व दिलं.

डोक्यात गोळी लागली 1976 मध्ये, संस्था निघाली 2000 मध्ये. गोळीने झालेला साक्षात्कार म्हणावा, तर तो चोवीस वर्षं कुठे अडकला होता? मधल्या काळात तिने मुलं वाढवली, गाणी गायली, वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या आणि हाताशी पैसा व सवड आल्यावर एका गावाचं काम अंगावर घेतलं. दुसऱ्याचं पोर आपल्या घरात वाढवायचं असतं, हे तिला आत्याने गोळीच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. पण आत्याचं नाव घेऊन बातमी होत नाही, गोळीचं घेऊन होते.