सिंहाच्या जबड्यातली दया

१८४४ साली दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टनवर सिंहाने झडप घातली. खांद्याला धरून गदागदा हलवलं, दंडाचं हाड मोडलं. त्याने पुढे लिहिलं की तेव्हा ना दुखलं, ना भीती वाटली. सगळं दिसत होतं, पण गुंगीत असल्यासारखं. तो पडला मिशनरी. शिकार होणाऱ्या प्रत्येक प्राण्याला बहुधा हीच गुंगी येत असावी, आणि तसं असेल तर ही निर्मात्याची दयाच, असा त्याचा निष्कर्ष.

अशा गुंगीमागचं रसायन हाती यायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. १९७५ मध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतलं एन्केफॅलिन ओळखलं. मॉर्फिन ज्या रिसेप्टरवर बसतं, त्याच रिसेप्टरवर बसणारं, पण घरचं. शरीरावर मोठा ताण आला की मेंदू असे पदार्थ सोडतो आणि जखमेकडून येणारा संदेश मज्जारज्जूतच दाबून टाकतो. आमच्या धंद्याच्या भाषेत : बग तसाच, अलर्ट तेवढा म्यूट.

मला तो 'दया' शब्द खटकतो. खाल्ल्या गेलेल्या हरणाचं शेवटचं मिनिट कसं गेलं याच्याशी उत्क्रांतीला काही देणंघेणं नाही. त्याला आता पिल्लं होणार नाहीत. फायदा होतो तो मोडक्या पायाने पळून वाचणाऱ्याला. हे शामक पळण्यापुरतं आहे, सुरक्षित जागी पोचलं की ठणका सुरू होतो. लिव्हिंगस्टनचा दंडही शेवटपर्यंत नीट जुळला नाही.

मग दयेचा दिलासा नेमका कुणाला? मला वाटतं, बघणाऱ्याला. 'तिला सवय आहे', 'त्याला काही वाटत नाही' ही वाक्यं आपण दुसऱ्यांबद्दलच किती सहज बोलतो. (अशा प्रत्येक गप्प माणसाच्या आत एन्डॉर्फिनच असतं असं नाही. बऱ्याचदा नोकरी जायची भीती असते.)

ही फक्त बोलण्यातली गोष्ट राहत नाही. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना जाणवत नाहीत असं अनेक डॉक्टर मानत. अगदी कमी दिवसांच्या बाळांची हृदयाजवळची शस्त्रक्रियासुद्धा स्नायू शिथिल करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर होत असे. ऑक्सफर्डमध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी काही बाळांना जोडीला फेंटानिल दिलं, म्हणजे एन्केफॅलिनच्याच जातकुळीतलं, बाहेरून. १९८७ साली निष्कर्ष छापले : या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं बरीच कमी वाढली, नंतरची गुंतागुंतही कमी झाली.

टेबलावर दोन्ही गटांतली बाळं सारखीच निपचित पडलेली होती.