आजचं चिंतन: देहाचं वय आणि माणसाचं काम (गीता २.१३)



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक. भगवंत अर्जुनाला सांगतात की देहाला बालपण येतं, तारुण्य येतं, म्हातारपण येतं. आत राहणारा मात्र तोच असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा पाठ आहे. पण ऑफिसात त्याचा अर्थ काय लावायचा?

आम्ही आयटीवाले. जाहिरातीत 'अनुभव ३ ते ५ वर्षे' असं लिहिलं की पंचेचाळिशीचा माणूस रेझ्युमे उघडायच्या आधीच बाद होतो. कायद्याचाही त्याला फारसा आधार नाही. सरकारी नोकरीत भेदभाव नको म्हणणाऱ्या घटनेच्या कलम १६ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावं आहेत, वयाचं नाही. अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्यांसाठी १९६७ पासून वेगळा कायदा आहे.

मग वयाची अट म्हणजे अन्यायच का? मी मूळचा खाप्याचा. गावाजवळच गुमगावची मँगनीज खाण आहे. कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या पोराला खाणीत नोकरीला ठेवता येत नाही. तोही वयाचाच आकडा, पण तो पोराला वाचवतो.

खापा हे कन्हानच्या काठचं जुनं विणकरांचं गाव. मागावर हात, पाय, डोळे तिन्ही लागतात. नजर कमी झाली की म्हातारा माणूस मागावरून उठतो अन् कांड्या भरायला बसतो. धागा सारखा का तुटतोय, हे मात्र त्यालाच विचारतात. याचं कौतुकही जपूनच करायला हवं. त्याला पेन्शन नसते, कित्येकदा बसावंच लागतं.

मला श्लोकातून एवढं कळतं: देह बदलतो हे भगवंतांनीच मान्य केलंय, म्हणून काम बदलणं योग्य. पण देह बदलला म्हणून आतल्या माणसालाच रद्द करणं, हे अज्ञान. वयाच्या प्रत्येक अटीला विचारावं: बाई, तू कुणाला सांभाळतेस, की न बघताच बाहेर काढतेस?

अन् ही शिकवण फक्त तरुणांसाठी नाही. परंपरा सांगते, चांगदेव १४०० वर्षांचे होते आणि त्यांनी गुरू केलं मुक्ताबाईला, चार भावंडांतल्या सगळ्यात धाकटीला! मोठ्या वयाच्या सहकाऱ्याला कालच जॉईन झालेल्या मुलीकडून नवं टूल शिकताना कमीपणा वाटू नये, तो इथूनच.

आजचा नेम: ऑफिसात कुणाबद्दल 'आता यांचं वय झालं' किंवा 'हा अजून पोरगाच आहे' असं मनात आलं, की एक क्षण थांबायचं. आधी त्याचं काम बघायचं, मग बोलायचं.

जय हरी!